तीन व्रतांचा दोर

पोरांना फुलासारखं जपायचं, हात उगारायचा नाही, असं ठरवून नवे ब्रदर, म्हणजे चर्चचे व्रतस्थ, मिशनच्या शाळेत शिकवायला आले होते. “ओ ब्रदर, झगा उलटा घातलाय!” म्हणत पोरं फिदीफिदी हसायची, ब्रदर ते हसण्यावारी न्यायचे. आज ते फळ्याकडे वळले तोच मागे धाडकन आवाज झाला. दोनदा नापास झालेला एक आडदांड मुलगा चिमुरड्या पोराचं डोकं बाकावर आपटत होता. ब्रदरनी ओढलं, तरी सोडेना. मग दीक्षेच्या दिवशी दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन या तीन व्रतांच्या तीन गाठी मारून कमरेला बांधलेला दोर त्यांच्या हातात कधी आला, त्यांनाच कळलं नाही. तिसऱ्या फटक्याला त्या मुलाचा कान फाटला. चिमुरडाच रडत मध्ये पडला, “नका ना मारू, माझा दादा आहे तो!” दारातून मुख्याध्यापक म्हणाले, “वा, आज मास्तर शोभलात!” ब्रदर गाठीत अडकलेले मुलाचे केस सोडवत राहिले.