शंभरपर्यंत

दुपारच्या सुट्टीत ऑफिसच्या फायलींच्या खोलीत शिरले, दार लावलं, आईला फोन केला आणि जमेल तितकं घोगरं खोकले. आज घरीच आहे, असंही ठोकून दिलं.

"अगं बाई, छाती भरलीये तुझी! ऊठ, पातेलंभर पाणी उकळ आणि वाफ घे."

"एकटीने नाही घेणार. चादरीखाली अंधार असतो."

"चाळिशीला आलीस, अजून अंधाराची भीती? थांब, मी पण ठेवते पाणी."

लहानपणी आम्ही दोघी एकाच चादरीखाली वाफ घ्यायचो आणि मोठ्याने शंभरपर्यंत मोजायचो. मध्येच डोकं बाहेर काढलं की पुन्हा एकपासून. आज फोनवर तेच सुरू झालं. मीही डोक्यावर स्वेटर ओढून फायलींच्या गठ्ठ्यापुढे वाकले. पाणी नसलं म्हणून काय झालं, नियम म्हणजे नियम.

पंधराला आई खोकली. तिसाला खोकली. साठाला जरा कमी. नव्वदनंतर तिचा श्वास मोकळा ऐकू आला आणि माझा जीव भांड्यात पडला. सकाळीच आईच्या शेजारच्या काकूंनी फोन करून सांगितलं होतं, "आठ दिवस खोकतेय तुझी आई. स्वतःसाठी घोटभर पाणी गरम करेल तर शपथ!"

"शंभर," आई म्हणाली. "तोंड पूस आता. वारा लागू देऊ नकोस."

"हो. बरं वाटलं गं."

"मलाही." तिने पातेलं बाजूला सारल्याचा आवाज आला. "उद्याही येऊ दे हो तुला खोकला. फक्त जरा नीट खोक. शाळा बुडवायला याहून बरं खोकायचीस."