भिंतीवरचं उत्तर

इंदू सोमकुवरच्या शरबत कारखान्याच्या भिंतीवर रात्रीतून कोणीतरी कोळशाने तीन ओळी खरडल्या होत्या. सकाळी सौंसरचा बाजार भरेपर्यंत त्या निम्म्या गावाच्या तोंडी झाल्या.

शरबत कडू आहे.
साखर नाही, सॅकरीन टाकतात.
कोणाच्या हातचं पिता, विचारा तरी.

खाली नाव नव्हतं. असल्या शूरवीरांना नाव नसतंच.

कारखाना म्हणजे टिनाचं शेड, एक भट्टी, संत्री पिळायचं यंत्र आणि इंदूच्याच बौद्ध वस्तीतल्या चार बायका. पंच्याऐंशी सालचा हा उन्हाळा. माल यंदाच कुठे पांढुर्ण्याच्या दुकानांत जायला लागला होता. हे बोलणं दुपारच्या बसने तिथे पोचलं की दुकानदार हात आखडणार, भट्टी विझणार आणि चौघी पुन्हा दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाणार, हे भिंतीसमोर उभ्या प्रत्येकाला कळत होतं.

इंदूचा नवरा वामन शाळेत मास्तर. तो धावतपळत गुणवंता पेंटरला घेऊन आला, चुन्याच्या बादलीसकट.

"पहिले पुसून टाक हे," तो म्हणाला. "लोकं पाहून राहिले."

इंदूने आतून एक बाटली आणली, ग्लासात ओतली आणि सगळ्यांसमोर प्याली. आधी गोड लागलं. मग जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा उतरला.

"कडू आहे," ती म्हणाली, शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. वामनने कपाळाला हात लावला.

"बिया नाही काढल्या ना बाई आपण," चौघींतली शांताबाई हळूच म्हणाली. "यंत्रात चिरडल्या."

"तुम्ही नाही. म्याच म्हणलं होतं, ऑर्डर मोठी आहे, फोडी तशाच टाका."

सौंसरात आई लेकराच्या हातावर बी काढल्याशिवाय संत्र्याची फोड ठेवत नाही. तिथे इंदूने बियांसकट पिळलेल्या शरबताच्या पेट्या विकल्या होत्या. तिला मनापासून लाज वाटली, आणि ती तिने लपवली नाही.

"गुणवंताभाऊ, चुना राहू द्या. रंगाचा डबा काढा."

पहिल्या ओळीपुढे गुणवंताने ती सांगेल तसं लिहिलं : खरं आहे. चूक माझी. बाटल्या परत आणा, बदलून मिळतील.

दुसरीपुढे लिहिलं : खोटं आहे. भट्टी लागल्यावर या. साखर आपल्या हाताने टाका.

"मी येतो ना!" गर्दीतून एकजण ओरडला. लोक हसले. वारं फिरलं, असं वामनलाही वाटलं.

तिसऱ्या ओळीपाशी ब्रश थांबला. वामन तिच्या कानाशी आला. "हे सोड. पांढुर्ण्यात कोणाले माहीत नाही. कायले सांगतं?"

हसणं बंद झालं होतं. इंदूची कानशिलं तापली. कडूपणाचा राग तिला आला नव्हता, सॅकरीनचाही फारसा नाही, या ओळीचा आला. पण आवाज चढला नाही.

"त्यानं विचारलं आहे ना? मंग सांगाले काय जाते?" ती पेंटरकडे वळली. "लिहा. इंदू सोमकुवर. बौद्ध. राहणार सौंसर."

"केवढ्या अक्षरात, बाई?"

"त्याच्याहून मोठ्या."

गुणवंताने लिहिलं. वामन ते पाहत राहिला. मग त्याने चुन्याची बादली उचलली आणि बाजूला नेऊन ठेवली.

रंग वाळायच्या आत शांताबाई पदर खोचून पुढे आली. "माझंबी लिहा. रस मी पिळतो." तिच्यामागून रजनी आली. मग गुलाब. शकुंतला सगळ्यांत मागे राहणारी बाई, तीसुद्धा आली.

शेवटचं नाव उरलं आणि गुणवंताने ब्रश खाली घेतला.

"बाई, भिंत सरली."

इंदू कोपऱ्यापर्यंत गेली आणि पलीकडे डोकावली. तिकडे बस स्टँडावर पांढुर्ण्याची गाडी भरत होती.

"मंग वळवा इकडे," ती म्हणाली. "गाडीतून ही बाजू चांगली दिसते."