बाळसं

पुलाखाली संसार मांडलेल्या आईनं पोराला पदराखाली झाकूनच दवाखान्याच्या गाडीपाशी आणलं. महिन्यापूर्वी नुसता हाडांचा सापळा होता. आता गाल भरले होते, पावलं गुबगुबीत झाली होती. नर्सबाई बघतच राहिल्या.

"असं टक लावून बघू नका बाई. आत्ता कुठं बाळसं धरलंय, दृष्ट लागेल."

नर्सबाईंनी पावलावर अंगठा दाबून उचलला. पडलेला खळगा भरलाच नाही.

"बाळसं नव्हे गं हे. पोटात अन्न नाही, म्हणून आलेली सूज आहे. आधी गाडीत बस."

आईनं पावलावरच्या त्या खळग्यावरून बोट फिरवलं.

"बाई, याच्या थोरल्या भावाला जाऊबाई गुटगुटीत म्हणाल्या आणि आठवड्यात तो गेला. मी अजून त्यांचं तोंड बघत नाही."