पक्का बसलेला दांडा

साहेबांनी हात पुढे केला आणि कौस्तुभने त्यात फावडं ठेवलं. ठेवण्याआधी पातं उलटं करून, सगळा जोर लावून ओढून पाहिलं होतं. साहेब कॅमेऱ्याकडे बघून हसले, फावडं मातीत खुपसलं, उचललं. पातं जागचं हललं नाही. बकुळीचं रोप लागलं, टाळ्या झाल्या.

कलकत्त्याच्या न्यू टाउनमधल्या बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात हरित पंधरवड्याचं उद्घाटन चाललं होतं. मुख्य कार्यालयाने त्यासाठी खास आधुनिक अवजारं पाठवली होती. फावडं, कुदळ, दंताळं, आणि तिन्हींत मिळून एकच दांडा. ज्याने हे मागवलं त्याने आयुष्यात कुंडीतलं गवतही उपटलं नसणार. माळ्याची रोजची धडधाकट अवजारं फोटोत जुनाट दिसतील म्हणून खोलीत कोंडून ठेवली होती. साहेब एकापाठोपाठ एक कामं करणार आणि दर वेळी दांड्याला नवं पातं बसवून द्यायचं, ही जबाबदारी कौस्तुभवर आली होती. तो खरा कर्ज विभागातला अधिकारी. पण बँकेत हातात पडेल ते काम आपल्याच विभागाचं असतं.

त्याने ते फारच मनावर घेतलं. दांडा आणि पाती घरी नेऊन सराव केला. पात्याच्या नळीत मातीचा कण राहिला तर दांड्यावरचा खटका पुरता वर येत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. म्हणून आधी नळी फडक्याने पुसायची. मग खटका आणि नळीचं भोक एका रेषेत आणायचं, खट् असा आवाज येईपर्यंत दांडा आत दाबायचा, वरून कडं आवळायचं आणि ओढून बघायचं. एवढी काळजी त्याने लग्नात मंगळसूत्र बांधतानाही घेतली नव्हती.

कारण त्याची पुण्याची बदली साहेबांच्या सहीसाठी अडली होती. बायको, प्राजक्ता, तिकडे नोकरीला. लेक वैदेही बापाला फक्त फोनमध्ये ओळखायची. फोन चार्जिंगला लावला की "बाबा जेवतोय" म्हणून घरभर सांगायची. प्राजक्ता हे हसत हसत सांगे, कौस्तुभही हसे, आणि मग त्याला स्वतःला जेवण जात नसे. आज एकही पातं निसटलं नाही तर साहेब खूश, आणि साहेब खूश तर सही. इतका सरळ मामला होता.

कुदळही झकास पार पडली. साहेबांनी चर खणल्यासारखं केलं. हाताखाली चर आहे की कार्पेट हे त्यांनी पाहिलं नाही, कारण त्यांची मान कॅमेऱ्याकडून वळतच नव्हती. दांडा परत देताना त्यांनी कौस्तुभच्या पाठीवर हात ठेवला. करंदीकर साहेबही मराठीच. चारचौघांत इंग्रजी झाडायचे, पण पोटातलं बोलायचं झालं की मराठीवर यायचे.

"काय पक्कं बसवता हो तुम्ही! जरा म्हणून हललं नाही."

"सर, ते माझं पुण्याचं तेवढं..."

"अहो, कसलं पुणं! असा माणूस मी सोडतो होय? तुमचा बदलीचा अर्ज फेटाळलाय मी. चांगली तीन वर्षं राहा माझ्याजवळ."

कौस्तुभ दंताळ्यापाशी गुडघे टेकून बसला. त्याला स्वतःचाच संताप आला. इतके दिवस घासून पुसून त्याने स्वतःलाच इथे ठोकून बसवलं होतं. साहेबांची फजिती करणारा माणूस आठवड्याच्या आत कलकत्त्याबाहेर फेकला जातो, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. फेकू देत. पुणं नाही तर नागपूर, निदान शनिवारी निघून रविवारी लेकीला उचलून घेता येईल.

त्याने नळी पुसली नाही. उलट चिमूटभर माती आत सारली. खट् असा आवाज आला नाही. कडं त्याने नुसतं फिरवल्यासारखं केलं आणि न ओढताच दांडा साहेबांच्या हातात दिला.

साहेबांनी दंताळं पाचोळ्यात टेकवलं आणि जोरात ओढलं. दांडा आला. दंताळं पाचोळ्यातच राहिलं.

सगळ्या मांडवाने ते पाहिलं. फक्त साहेबांनी पाहिलं नाही, कारण ते कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. ती रिकामी काठी ते उत्साहाने मागेपुढे करू लागले. पानं होती तिथेच पडून होती. फोटोग्राफर फोटो काढत राहिला. शेवटी उपप्रमुख उदय दत्त पुढे झाले.

"दारुण, सर, दारुण!" ते ओरडले. बंगालीत याचा अर्थ फारच सुंदर असा होतो.

मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि धापा टाकत ती काठी कौस्तुभच्या हातात दिली.

"कौस्तुभ, इतकं हलकं दंताळं मी जन्मात धरलं नव्हतं! तीन वर्षं कसली, आता रिटायर होईपर्यंत तुम्ही कुठे जायचं नाही."