पहिलं हसू

आदेश स्टँडअप करायचा आणि आपले शो स्वतःच भरवायचा. माईक तो भाड्याने आणायचा, खुर्च्या त्याची बायको मोहिनी मांडायची. शो सुरू झाला की तिने शेवटच्या रांगेत बसायचं आणि प्रत्येक विनोदाला सगळ्यांत आधी हसायचं.

"आपल्याकडचे लोकं एकमेकाच्या तोंडाकडे पाह्यत बसतेत," तो म्हणायचा. "कोणीतरी सुरू केलं का मंग हासतेत."

विनोद बहुतेक मोहिनीवरच असत. तिचा रंग, तिचं घोरणं, तिचं माहेर. ती हसायची. कामच होतं तिचं.

मागच्या आठवड्यात वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, तिला मूल होणार नाही. परतताना एसटीत ती एवढंच म्हणाली, "माह्या मायले नको सांगू. मी सांगीन सवडीनं."

रविवारी सेलूच्या शोला तिची माय आली. जावयाने तिला मानाने पहिल्या रांगेत बसवलं.

शेवटी आदेश म्हणाला, "सोयाबीन उगवलं नाई त तुमाले भरपाई भेटते. माह्या बायकोले डॉक्टरनं नापीक ठरवलं. माही भरपाई कोण देईन?"

हॉल गप्प. बायका खाली पाहू लागल्या. आदेशने शेवटच्या रांगेकडे पाहिलं. मायनेही घाबरून मागे वळून पाहिलं.



मोहिनी इतकी खळखळून हसली, की मायचा जीव भांड्यात पडला आणि तीही पोट धरून हसली.