साबणाचं पाणी

सासऱ्यांवर छाप पाडायची म्हणून ते उठायच्या आत जावयाने त्यांच्या गाडीचं बॉनेट उघडलं. ऑइल बघितलं, बॅटरी पुसली आणि काच धुवायचं साबणाचं पाणी समोर दिसलेल्या टाकीत ओतून मोकळा झाला. मग सासऱ्यांनी उठून नेहमीसारखं स्वतःही साबणाचं पाणी वगैरे सगळं भरलं.

सासूबाई आणि जावयाला घेऊन सासरे निघाले, आणि भर चौकात बॉनेटमधून फेस उसळला. गाडी दाढीला बसल्यासारखी दिसत होती. साबणाचा वास येताच जावयाला सकाळची टाकी आठवली.

"कूलंटच्या टाकीत साबण ओतला की काय मी?" सासरे पुटपुटले.

"तरी सांगत होते, आता पुरे करा गाडी!" मागून सासूबाई कडाडल्या.

सासऱ्यांनी किल्ली काढून पुढे केली. "यापुढे तुम्हीच चालवा, जावईबापू. तुम्हाला कळतं त्यातलं."

"वय झालं की होतं असं, बाबा," जावई बुटांकडे बघत म्हणाला आणि त्याने किल्ली घेतली.