डावी मूठ

टेबलावर जोडलेले आणि सुटे धरून अठ्ठ्याऐंशी भाग होते. चाळीस वर्षांपूर्वीच्या जपानी यंत्रमानवाच्या त्या प्लास्टिक जोडणी-संचाच्या माहितीपत्रकात एकोणनव्वद होते. मी तिसऱ्यांदा मोजले. डावी मूठ नव्हती. बोराएवढी, लाल. शेजारी दीड वर्षाची भाची खोकत होती.

"हिनं गिळली असणार," तिला उचलत ताई म्हणाली. "घोड्याएवढा झालास, तरी खेळणी पसरून बसतोस. चल, एक्स-रे काढू."

एक्स-रेत प्लास्टिक दिसत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. "रिक्षा थांबव, आलोच," एवढंच म्हणालो.

आम्ही संग्राहक प्रत्येक संच दोनदा घेतो, एक जोडायला आणि एक कधीच न उघडायला. कपाटातल्या त्या दुसऱ्या खोक्याचं सील मी फाडलं. आतलं सगळं प्लास्टिक वजनकाट्यावर १८६.४ ग्रॅम भरलं. त्यातली एकटी डावी मूठ १.९; म्हणजे ती नसेल तर १८४.५.

मग टेबलावरचं सगळं काट्यावर ठेवलं. जोडून बंद केलेलं धड, सुटे भाग, भाग कापून घेतल्यावर उरलेल्या प्लास्टिकच्या चौकटी, कापताना पडलेला चुरासुद्धा. हात मागे घेतले आणि आकडा स्थिर व्हायची वाट पाहिली.

बाहेरून ताईनं हाक मारली.

१८६.३ ग्रॅम.